आजोबांचा घडीचा कॅमेरा: दुरुस्त करावा का, आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा आग्फा आयसोलेट टू सापडला. त्याला ८५ मिलिमीटरचं एफ/४.५ अपोटार भिंग आहे आणि प्रोन्टॉर शटर आहे. भिंग वरून स्वच्छ दिसतं, शटर वाजतं, दार उघडलं की भाता बाहेर येतो. पेठांमधले उरलेसुरले वाडे पाडले जायच्या आत फिल्मवर टिपायचे आहेत. मग हा कॅमेरा दुरुस्त करून घ्यावा, की आठवण म्हणून कपाटात ठेवून एखादा यशिकासारखा दोन भिंगांचा टीएलआर शोधावा? आणि घडीच्या कॅमेऱ्यांचं एवढं कौतुक होतं, ते कितपत खरं?

दुरुस्त करून घ्या आणि वाड्यांसाठी तोच वापरा. मात्र आज लगेच त्यात रोल घालू नका. भिंग स्वच्छ आहे, शटर वाजतं असं तुम्ही लिहिलं आहे. घडीच्या कॅमेऱ्यात या दोन गोष्टी मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी भाता बघायचा, मग भिंग धरून ठेवणारी पुढची चौकट. त्यानंतर फोकसची कडी फिरवल्यावर नेमकं काय फिरतं ते बघायचं, आणि मग भिंग आणि शटर. गेली पंचवीसेक वर्षं मी हे कॅमेरे वापरतो आहे आणि उघडून नीटही करतो आहे. एवढ्या वर्षांत भिंगाने दगा दिल्याचे प्रसंग थोडे आहेत, बाकीच्या तीन गोष्टींनी घालवलेले रोल पुष्कळ.

आधी कौतुकाचं बोलू, कारण ते खरं आहे. तुमच्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म जाते. ही फिल्म १९०१ सालापासून बाजारात आहे आणि आजही कारखान्यातून ताजी निघते. सत्तर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल काहीही खटपट न करता बसतो, असं भाग्य फार थोड्या जुन्या यंत्रांना लाभलं आहे. आता निगेटिव्हचं माप बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते. तुमच्या आयसोलेटची साधारण ५६ बाय ५६ येते, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची झाली तर ३५ ची निगेटिव्ह जवळजवळ तेरा पट मोठी करावी लागते, तुमची साडेपाच पट. सागवानी खांबावरचं कोरीव काम, चुन्याच्या भिंतीचे पोपडे, दारावरच्या लोखंडी फुल्या अशा गोष्टी या साडेपाच पटीत श्वास घेतात. करडा रंग एका छटेतून दुसरीत सावकाश सरकतो. ते एकदा प्रिंटवर पाहिलं की लहान निगेटिव्हकडे परत जाणं जड जातं.

अशी निगेटिव्ह देणारे दुसरेही कॅमेरे आहेत, पण ते खांदा दुखवतात. चांगला टीएलआर किलोभर भरतो. स्टुडिओतला भिंगासकट मोठा कॅमेरा दोन किलोंच्याही वर जातो. घडीचा कॅमेरा अर्ध्या-पाऊण किलोचा असतो आणि मिटला की जाड डायरीएवढा होतो. पहाटे सिंहगडावर जाताना मी एके काळी मोठा कॅमेरा पिशवीत भरायचो. अर्ध्या वाटेवर पाण्याची बाटली काढायलासुद्धा त्याची अडचण व्हायची. पुढेपुढे तो घरीच राहू लागला. घडीचा कॅमेरा घेतल्यापासून तो जाकिटाच्या खिशात बसून गडावर येतो, बसमध्ये येतो, मंडईत भाजी घ्यायलाही येतो. माझ्याकडची चांगली चित्रं मोजली तर निम्म्याहून अधिक अशा वेळची निघतील, जेव्हा मी चित्रं काढायला म्हणून घराबाहेर पडलोच नव्हतो. माझ्या लेखी या कॅमेऱ्याचं खरं मोल हेच आहे. हा चालणाऱ्याचा कॅमेरा आहे. पुढे मी जे दोष सांगणार आहे, ते सगळे या एका गुणाची किंमत म्हणून वाचावेत, कारण कॅमेरा मिटता यावा म्हणूनच त्यातली प्रत्येक गोष्ट हलती, दुमडती आणि पातळ केलेली असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली तर या कॅमेऱ्याबद्दल चुकीच्या अपेक्षा राहणार नाहीत. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये पत्त्याच्या पानाएवढे, पांढऱ्या कडेचे फोटो असतील. त्यातले बरेच निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले असतात, मोठे केलेलेच नसतात. घडीचे बहुतेक कॅमेरे घरगुती माणसासाठी बनले, आणि त्याला निगेटिव्हएवढाच किंवा थोडा मोठा फोटो हवा असे. तेवढ्यासाठी तीन काचांचं भिंग पुरेसं होतं. त्या रचनेचं पेटंट इंग्लंडच्या डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये घेतलं. तुमचं अपोटार त्याच घराण्यातलं आहे आणि झाइस या जर्मन कंपनीच्या नेटार कॅमेऱ्यावरचं नोवारही. झाइसचंच टेसार चार काचांचं, १९०२ चं, आणि आग्फाचं सोलिनार त्याच पठडीतलं. आज आपण हीच निगेटिव्ह स्कॅन करून पडद्यावर दहा पट मोठी करतो आणि कोपरे मऊ आहेत म्हणून तक्रार करतो. अपोटारचं छिद्र एफ/४.५ वर पूर्ण उघडं ठेवलंत तर कोपरे मऊ येणारच. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. एफ/८ वर ते सावरतं. एफ/११ वर आणलंत की बारा इंची प्रिंटमध्ये तीन काचा आणि चार काचा यांतला फरक मला तरी डोळ्याने ओळखू येत नाही. टेसारसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की ते पैसे नव्या भात्यावर खर्च करा.

आता भात्याकडे येतो, आणि इथे थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

भाता म्हणजे भिंग आणि फिल्म यांच्यामधली काळी, घड्यांची नळी. घडी जिथे कोपऱ्यात दोनदा दुमडते, तिथे तो आधी झिजतो. झाइसचे जुने भाते बऱ्याचदा आजही उजेड रोखतात. युद्धानंतरच्या आग्फा कॅमेऱ्यांचे भाते मात्र कोपऱ्यांत बारीक बारीक फुटतात, ही गोष्ट जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून तुमच्या आयसोलेटचा भाता खराब आहे असं धरूनच सुरुवात करा. परीक्षा सोपी आहे. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि पाच मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून आत छोटी एलईडी टॉर्च धरा. मग भाता बाहेरून चारही बाजूंनी, थोडा वाकवून, कोपरा न् कोपरा बघा. मोहरीच्या दाण्याहून लहान तारे चमकले तरी ते फिल्मला पुरेसे असतात.

किती पुरेसे, ते मी भोगलं आहे. एका वर्षी ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्या पुण्यात आल्या, त्या दिवशी मी नव्याने घेतलेला एक घडीचा कॅमेरा घेऊन सकाळपासून गर्दीत होतो. ज्याच्याकडून घेतला त्याने भाता पक्का असल्याची ग्वाही दिली होती, आणि मी स्वतः तपासला नव्हता. तीन रोल झाले. धुऊन वाळत घातले तेव्हा जवळजवळ प्रत्येक चौकटीत, एकाच जागी, ढगासारखा डाग होता. कुठे फिकट, कुठे चेहरा गिळून टाकणारा. डागाचं मान बदलतं याचं कारण कळायला मला थोडा वेळ लागला. कॅमेरा उघडा धरून मी जितका वेळ योग्य क्षणाची वाट बघत उभा होतो, तितका उजेड त्या भोकांतून झिरपला होता. ज्या चित्रासाठी सगळ्यात जास्त वाट पाहिली, तेच सगळ्यात जास्त खराब झालं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका म्हाताऱ्या माऊलीचं ते चित्र होतं. ती पुन्हा भेटली नाही.

भोकं दोन-चार असतील तर कापडावर लावायचा काळा रंग अगदी पातळ करून आतून कोपऱ्यात लावता येतो. त्यावर वर्षभर निघतं. जाड थर लावू नका, घड्या एकमेकींना चिकटतात आणि भाता उघडताना फाटतो. चिकटपट्टीच्या भानगडीत तर पडूच नका. भोकं जास्त असतील तर नवा भाता घालणं हाच उपाय. सुरुवातीच्या काळात मी अप्पा बळवंत चौकातून बाइंडिंगचं काळं कापड आणून भाता शिवून पाहिला. उजेड अजिबात येत नव्हता, पण कॅमेरा मिटेना. पेटीचा भाता करणाऱ्या एका कारागिरांनी मला घडीचं गणित समजावलं. पेटीच्या भात्याला जागा मुबलक असते, तुमच्या डब्यात ती नाही, तेव्हा आधी मिटल्यावरची जाडी मोजा आणि मग कापड निवडा, असं त्यांचं सांगणं होतं. ते बरोबर निघालं. सगळा भाता मिटल्यावर काही मिलिमीटरांत बसायला हवा. नवा भाता करून देणारे कारागीर आपल्याकडे थोडे आहेत, परदेशातून तयार भातेही मिळतात. कोणाकडूनही घ्या, पण कॅमेरा मिटताना जोर लागत असेल तर तो भाता परत करा. कारण तो जोर जातो पुढच्या चौकटीवर.

ती पुढची चौकट हा दुसरा कळीचा मुद्दा. दार उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्या भिंगाला पुढे ढकलतात आणि खटकन अडकतात. भिंग फिल्मला समांतर राहणं सर्वस्वी या पट्ट्यांवर अवलंबून असतं. कॅमेरा कधी पडला असेल, कोणी जोराने मिटला असेल, तर भिंग केसभर तिरकं होतं आणि चित्राची एक बाजू स्पष्ट, दुसरी धूसर येते. लोक याचा दोष भिंगाला देतात. कॅमेरा उघडून वरून बघा, पुढचा पत्रा आणि कॅमेऱ्याचं अंग समांतर दिसतं का? बोटाने हलकेच हलवा. किंचित हालचाल चालते, पण सोडल्यावर तो पुन्हा त्याच जागी यायला हवा. टीएलआर या बाबतीत निर्धास्त असतो, त्याचं भिंग जाड धातूच्या तुकड्यावर बसून पुढे-मागे सरकतं. घडीचा कॅमेरा तसा कधीच होणार नाही.

तिसरी गोष्ट फोकसची, आणि ती तुमच्याच कॅमेऱ्याला लागू आहे. आयसोलेटमध्ये सगळं भिंग पुढे-मागे होत नाही, फक्त सगळ्यात पुढची काच आट्यांवर फिरते. त्या आट्यांत आग्फाने घातलेलं हिरवट ग्रीस वर्षांनुवर्षांनी लाखेसारखं कडक होतं. मग कडी एकतर फिरतच नाही, किंवा जोर लावल्यावर फिरते पण पुढच्या काचेबरोबर मधलीही काच आपल्या जागेवरून उठून येते. कडीवर आकडे बरोबर दिसतात, चित्र मात्र सगळीकडे धूसर. तेव्हा तुमची कडी घट्ट असेल तर पक्कड लावू नका, कडी वाकेल. केस वाळवायच्या ड्रायरने ती कोमट करा, लायटरमध्ये भरायच्या नॅफ्थाचा एखादा थेंब आट्यांवर सोडा, थांबा, पुन्हा करा. कधी कधी हे आठवडाभर चालतं. सुटल्यावर जुनं ग्रीस पूर्ण काढून नवं अगदी थोडं लावायचं आणि अनंताचा, म्हणजे फार लांबच्या वस्तूंचा, फोकस नव्याने बसवायचा.

अनंत बसवायला मी पर्वतीवर जातो. कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडायचं. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन रुळांवर धुरकट काचेचा तुकडा किंवा ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर ठेवायचा. तिथे आणखी दोन बाहेरचे रूळ असतात, त्यांच्यावर ठेवलंत तर सगळं माप चुकतं. शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर पाती उघडी राहतात ती खूण), बटण दाबून ठेवणारी केबल लावून उघडं, छिद्र एफ/४.५. स्वच्छ हवेच्या सकाळी सिंहगडावरचा टीव्ही टॉवर दिसतो. तो नाही सापडला तर डोंगराची धार घ्यायची. भिंगकाचेतून बघत पुढची काच फिरवत ती धार लख्ख झाली की तिथे अनंत. कडी त्या जागी बसवून स्क्रू आवळायचे. त्याच वेळी काचेच्या डाव्या आणि उजव्या कडा ताडून बघायच्या, म्हणजे पुढची चौकट तिरकी आहे का तेही कळतं. एका सकाळीत दोन्ही कामं होतात.

शटरबद्दल एकच आग्रह: घड्याळजीकडे देऊ नका. आपले जुने घड्याळजी हाताचे फार चांगले असतात, पण चाकांना तेल द्यायची त्यांची सवय इथे घातक ठरते. भिंगातल्या शटरची पाती पूर्ण कोरडी लागतात. तेलाचा अंश पात्यांवर पसरला की ती चिकटतात. १ सेकंद, १/२, १/५ असे संथ वेग अडकत असतील तर तेल वाळलं आहे, स्वच्छता हवी. फोनवर सेकंदाला २४० चौकटींचा व्हिडिओ घेऊन तपासता येतं. १/२५ सेकंदाला पाती साधारण नऊ-दहा चौकटींत उघडी दिसायला हवीत. वरचे वेग जुन्या शटरमध्ये थोडे संथच असतात, १/३०० हा नावापुरताच. निगेटिव्ह फिल्म तेवढं सहज सोसते. सेल्फ-टायमरचा खटका मात्र ओढू नका. त्यातली चाकं अडकली की शटर मधेच उघडं राहतं.

लाल खिडकीबद्दल लोक उगाच घाबरतात. पाठीवरच्या त्या खिडकीतून फिल्मच्या कागदावरचे आकडे बघत रोल पुढे सरकवायचा असतो. ती लाल आहे कारण त्या काळच्या पुष्कळ फिल्मना लाल रंग दिसतच नव्हता. आजच्या फिल्मना दिसतो. म्हणून कॅमेरा सावलीत घ्या, खिडकीचं झाकण तेवढ्यापुरतं सरकवा आणि लगेच बंद करा. झाकण नसेल तर काळी पट्टी लावून ठेवा. आणि एक सवय लावून घ्या: कॅमेरा आधी उघडा, सावकाश, दाराला बोट लावून. मगच फिल्म पुढे सरकवा. दार एकदम उघडू दिलंत तर भाता हवा ओढतो, आणि त्या ओढीने फिल्म आपल्या जागेवरून पुढे फुगते.

आता वाड्यांकडे येऊ, कारण तुमचा हेतू तो आहे.

८५ मिलिमीटरचं भिंग ५६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर फार रुंद बघत नाही. सहा मीटरवरून तुम्हाला जेमतेम चार मीटर रुंदीचा भाग मिळतो. कसब्यातल्या किंवा नारायण पेठेतल्या गल्लीत समोरच्या ओट्याला पाठ टेकवून उभे राहिलात तरी अंतर कित्येकदा चार मीटरच असतं, म्हणजे अडीच-पावणेतीन मीटर रुंदी. वाड्याचा पूर्ण दर्शनी भाग या कॅमेऱ्याने येणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. तो हट्ट सोडला की मग दिंडी दरवाजा, कोनाडा, सज्ज्याखालचे लाकडी हात, चौकातलं तुळशी वृंदावन, जिन्याचा कठडा असे विषय समोर येतात. चौकोनी चौकट यांच्यासाठीच केली आहे असं वाटतं. उद्या इमारत गेल्यावर लोकांना नेमके हेच तपशील आठवणार आहेत. पूर्ण दर्शनी भागाचं चित्र बहुधा कोणीतरी फोनवर काढून ठेवलेलं असतंच.

अंतर डोळ्याने मोजावं लागतं, तुमच्या टू मध्ये रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची सोय, नाही. थ्री मध्ये तो होता, पण त्यावर वाचलेलं अंतर हाताने कडीवर आणावं लागे. सुपर आयसोलेटमध्ये तो भिंगाशी जोडलेला असतो, आणि म्हणून तो महाग मिळतो. इथे आकडे माहीत असलेले बरे. एफ/१६ वर कडी ९ मीटरवर ठेवलीत तर साधारण साडेचार मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. गल्लीत चालताना मी कडी तशीच ठेवून देतो. याच्या उलट टोक बघा: एफ/४.५ वर दीड मीटरवरचा चेहरा. तिथे स्पष्टतेची पट्टी फक्त चौदा सेंटिमीटरची असते, सात पुढे आणि सात मागे. डोळ्याच्या अंदाजाने हे साधणं नशिबाचा खेळ आहे. शिवाय पुढचीच काच फिरणाऱ्या भिंगांची धार जवळच्या अंतरावर मंदावते. म्हणून आजीचा खिडकीशी बसलेला जवळचा फोटो हवा असेल तर टीएलआर घ्या, त्यात काचेवर बघून फोकस करता येतो. आयसोलेटनेच काढायचा झाला तर इंटिरियरवाले वापरतात तो लेझर मीटर खिशात ठेवा. मी ठेवतो, आणि दोन मीटरच्या आतलं एकही चित्र त्याच्याशिवाय काढत नाही.

उजेडाचं गणित पुण्यात सोपं आहे. फिल्मचा आकडा जितका मोठा, तितका तिला उजेड कमी लागतो. दिवाळीनंतरच्या लख्ख उन्हात १०० ची फिल्म एफ/१६ वर १/१००. तेच ऊन आणि ४०० ची फिल्म असेल तर या शटरला वेग कमी पडतो, छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक करावं लागतं आणि धार उगाच जाते. पेठांतल्या गल्ल्या मात्र दिवसाचा बराच वेळ सावलीत असतात. तिथे ४०० ची फिल्म एफ/११ वर १/१०० देते, हातात धरून. वाड्यांसाठी मी ४०० ची सुचवीन. वाड्याच्या आतल्या अंधाऱ्या सोप्यात तिपाई लागेलच. भिंगावर सावलीची कडी लावायला विसरू नका. युद्धानंतरच्या भिंगांना चकाकी कमी करणारा लेप असतो, पण तो आजच्यासारखा नाही, आणि चौकात वरून येणारं आभाळ चित्र पांढुरकं करतं.

पावसाळ्याबद्दल सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर हा पुण्यात बुरशीचा हंगाम. कातडी केस दिसायला सुंदर असते, पण ती ओल धरून ठेवते. केस वेगळी ठेवा. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर तापवून घ्या. महिन्यातून दोनदा कॅमेरा उघडून भाता मोकळा करा, घड्या एकाच जागी दाबून राहिल्या की तिथेच फुटतात. टॉर्च मागून भिंगात धरून बघितलंत का? वरून स्वच्छ दिसणाऱ्या काचांत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तेव्हा दिसतात. कोवळी बुरशी पुसून निघते. जुनी झाली की लेप आणि काच खाते आणि मग त्याला इलाज नाही.

दुसरा कॅमेरा घेण्याचा विचार कधी झालाच, तर थोडक्यात. झाइसचा नेटार ५१८/१६ साधा, भात्याचा पक्का, पहिल्या खरेदीसाठी सगळ्यात शहाणा. फोग्टलेंडरचा पर्केओ त्याहून लहान, खिशासाठी उत्तम. जोडलेला रेंजफाइंडर हवा तर झाइसची १९३४ पासूनची सुपर इकोंटा मालिका आहे. तिच्याच वळणावर सोव्हिएत कारखान्याने मॉस्क्वा काढला. त्याची ६ बाय ९ ची निगेटिव्ह डोळ्याचं पारणं फेडते, पण प्रत्येक नग वेगळा, तपासूनच घ्यावा. कोडॅकच्या कित्येक सुंदर घडीच्या कॅमेऱ्यांना ६२० ची फिल्म लागते. ती १९९५ मध्ये बंद झाली, आता अंधारात १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळावा लागतो. फुजीने २००९ मध्ये नवा घडीचा कॅमेरा काढला होता, फार चांगला, आणि तोही बंद झाला. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीमधी एखादा कॅमेरा दिसतो. टॉर्च सोबत न्या, आणि विकणारा झाकण उघडू देत नसेल तर पुढे चला.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात रात्री टॉर्चने भाता तपासा आणि फोकसची कडी मोकळी आहे का बघा. दोन्हींचं काम होईपर्यंत रोल आणू नका. नंतरचा पहिला रोल वाड्यांवर घालवू नका, तो परीक्षेचा. बारा चौकटींपैकी चार पर्वतीवरून अनंतावर काढा, एफ/४.५, ८, ११ आणि १६ अशा. चार एखाद्या विटांच्या भिंतीसमोर तीन मीटर अंतर टेपने मोजून काढा. एक चौकट कॅमेरा उघडा ठेवून, भिंगावर झाकण लावून, दोन मिनिटं उन्हात धरल्यानंतर काढा. भात्यात काही राहिलं असेल तर ते इथे दिसेल. उरलेल्या तिनांत घरची माणसं घ्या, दोन मीटरवर. प्रत्येक चौकटीचं छिद्र, वेग, अंतर वहीत लिहा. धुताना पाण्याचं तापमान बघा, एप्रिलमध्ये पुण्यातलं टाकीचं पाणी २० अंशांपेक्षा पुष्कळ वर असतं, बर्फाच्या पिशव्या लागतील. निगेटिव्ह वाळल्यावर वही शेजारी ठेवून एकेक चौकट बघा, आणि विटांच्या भिंतीची डावी-उजवी कड सारखी आली असेल तर दुसरा रोल घालून सरळ आजोबांच्या वाड्याच्या चौकात जा. सकाळी नऊच्या सुमाराला, ऊन अजून पागोळीवरून खाली उतरलेलं नसताना.